दुसरा घास

गुरं आणि गवत हा विषय निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एका तटावरचे म्हणतात, कुरणाचे कप्पे पाडा, कळप दाट करून एकेका कप्प्यातून झपाझप फिरवा, म्हणजे उजाड माळ हिरवे होतील, मातीत कार्बन मुरेल आणि हवामानबदलाचं ओझंही हलकं होईल. दुसऱ्या तटावरचे शोधनिबंधांची चळत पुढे ठेवतात आणि सांगतात, चक्राकार चराई हा निव्वळ भ्रम आहे, गुरं मोकळी सोडली काय आणि फिरवली काय, गवताला सारखंच. दोघांकडे आकडे आहेत, दोघांकडे कुंपणाच्या अलीकडचे-पलीकडचे फोटो आहेत. माझ्या मते दोघंही चुकीच्या जागी भांडतायत. कुंपणं किती घातली आणि कळप कितव्या दिवशी हलवला, यावरून कुरणाची तब्येत कळत नाही. एकदा खाल्लेलं गवत सावरायच्या आत त्यावर दुसरा घास पडला का, एवढं विचारलं तर कळते. चक्राकार चराई हे तो दुसरा घास टाळण्याचं एक साधन आहे. जिथे तो पडण्याची भीती आहे तिथे ते कामाचं. जिथे नाही तिथे तारेचा आणि मेहनतीचा खर्च. आणि गवताच्या मानाने जनावरंच जास्त असतील, तर कुठलंही चक्र तो घास थांबवू शकत नाही.

त्या फोटोंचं आधीच बोलून टाकतो. कुंपणाच्या एका बाजूला हिरवंगार, दुसऱ्या बाजूला खरडलेलं, आणि खाली ठळक अक्षरांत ‘पद्धतीचा फरक’. फोटो कोणत्या दिवशी काढला ते कुणी लिहीत नाही. कळप काल ज्यातून बाहेर पडला तो कप्पा आणि महिनाभर मोकळा राहिलेला कप्पा, दोन्ही एकाच मालकाचे आणि एकाच पद्धतीतले असले तरी असेच दिसणार. पुरावा म्हणून अशा फोटोला काडीची किंमत नाही, तरी अर्धी चर्चा त्यांच्याच जोरावर चालते.

दुसरा घास म्हणजे काय ते समजायला गाय चरताना जवळून पाहावी. तिला वरचे पुढचे दात नसतात. ती जीभ बाहेर काढून गवताच्या जुडीला वेढा घालते, खालचे दात वरच्या टणक हिरडीवर दाबते आणि मानेला हिसका देऊन जुडी तोडते. मेंढीसारखं जमिनीलगत कुरतडणं तिला जमत नाही, म्हणून पहिल्या घासानंतर ठोंब शिल्लक राहतो. वाढीचा कोंब त्या ठोंबाच्या बुडाशी दडलेला असतो; गवताचं पातं टोकाकडून वाढत नाही, बुडातून वर ढकललं जातं. लाखो वर्षं गवताने चरणाऱ्यांबरोबर संसार केला तो या एका युक्तीवर. पण नवं पातं उभं करायला भांडवल लागतं, आणि ते येतं बुंध्यात साठवलेल्या साखरेतून आणि मागे राहिलेल्या हिरव्या भागातून. थंड, ओल्या प्रदेशांतल्या कुरणांत सर्रास दिसणाऱ्या राय गवताचा एक फुटवा घ्या. त्यावर एका वेळी साधारण तीनच जिवंत पानं असतात. चौथं फुटलं की पहिलं वाळायला लागतं. चरून झाल्यावरचं पहिलं पान उसनवारीवर येतं. दुसऱ्यापासून परतफेड सुरू होते. तिसरं पुरतं उघडेपर्यंत खातं पुन्हा भरत येतं. आता गंमत अशी, की ते पहिलं उसनं पान सगळ्यांत कोवळं, गोड आणि प्रथिनांनी भरलेलं असतं. गाय शेजारचं गुडघाभर जून गवत ओलांडून नेमकी त्या पानाकडे परत येते. कर्ज काढून नुकत्याच उभ्या राहिलेल्या घरावर चौथ्या दिवशी वसुलीवाला यावा, तसा हा घास.

याची किंमत जमिनीखाली चुकवली जाते. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी फ्रँकलिन क्रायडर यांनी गवताची पानं वेगवेगळ्या प्रमाणात छाटून मुळांचं काय होतं ते पाहिलं. त्यांचे निष्कर्ष १९५५ मध्ये छापले गेले. पानांचा ४० टक्के भाग एकदा छाटला तर मुळं वाढतच राहिली. ८० टक्के छाटल्यावर मुळांची वाढ बारा दिवस पूर्ण थांबली. हे एका छाटणीचं. छाटणी परत परत झाली तर मुळं आखडत जातात, आणि पाऊस बरा असेपर्यंत वरून काहीही कळत नाही; रान हिरवंच दिसतं. मग एक कोरडा महिना येतो, आखूड मुळांना खालची ओल सापडत नाही, आणि सगळे म्हणतात की दुष्काळाने कुरण मारलं.

फ्रान्सच्या नॉर्मंडीतले आंद्रे व्वाझाँ हे जीवरसायनशास्त्रज्ञ आणि शेतकरी. स्वतःच्या गायींच्या मागे फिरून त्यांनी या घासाचा हिशेब मांडला आणि १९५७ मध्ये गवताच्या उत्पादकतेवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की अतिचराई ही मुख्यतः वेळेची बाब आहे. कळपाने एका कप्प्यात इतकेच दिवस राहावं की पहिल्या दिवशी खाल्लेलं गवत त्याच फेरीत पुन्हा तोंडात येऊ नये, आणि परत यावं ते गवत भरून आल्यावरच. हा विसावा वसंतात अठरा दिवसांचा असेल, तर उन्हाळा उतरताना छत्तीस दिवसांचाही लागेल, कारण गवत तेव्हा मंद वाढतं. म्हणजे ज्यांनी हे शास्त्र घडवलं त्यांनीच ठरलेल्या दिवसांचं वेळापत्रक नाकारलं होतं. आज मात्र त्यांचं नाव घेऊन ‘दर तीन दिवसांनी हलवा, तीस दिवसांनी परत आणा’ असे तक्ते वाटले जातात. मंद वाढीच्या दिवसांत तिसाव्या दिवशी परत आलेला कळप दुसरा घासच घेत असतो, फक्त शिस्तीत.

चक्राकार चराईच्या समर्थकांचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. गुरं पूर्ण हटवली की निसर्ग आपोआप सुधारतो, ही समजूत त्यांनी मोडली ते बरं केलं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये चराईबंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसं मेली. आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघालं काय, तर म्हशी गेल्यामुळे पाणगवत बेसुमार माजलं आणि ज्या पक्ष्यांसाठी बंदी घातली त्यांचीच जागा त्याने गिळली. कोरड्या हवेत न खाल्लेलं गवत कुजतही नाही. करडं होऊन उभं राहतं आणि खालच्या कोंबांचा उजेड अडवतं. पूर्व आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. बुळकांडी या गुरांच्या रोगाच्या साथीने तिथल्या विल्डबीस्टचे, म्हणजे गुरांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप दशकानुदशकं रोडावलेले होते. गुरांना लसी टोचल्या गेल्या, रोग हटला, आणि १९६१च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाऊन टाकल्यामुळे वणवे कमी झाले, झाडं वाढली. मोठा फिरता कळप भूप्रदेशाला जगवू शकतो, हे यानंतर नाकारता येत नाही. शिवाय फिरवण्याचे लहानसहान फायदे आहेतच: शेण एका सावलीखाली साचत नाही, आणि जंतांच्या अळ्या गवतावर चढून बसायच्या आत कळप पुढे गेलेला असतो.

पण सेरेंगेटीचा दाखला देणारे त्याचा उत्तरार्ध गाळतात. ते कळप पावसामागे जातात, हजारो चौरस किलोमीटर मोकळे असतात म्हणून जातात. आणि त्यांची संख्या कोण आवरतं? कोरड्या ऋतूतली उपासमार. चारा संपला की जनावरं मरतात आणि कळप गवताच्या मापाला येतो. निसर्गाची नक्कल करायची म्हणणाऱ्या किती योजनांत ही तरतूद असते?

ॲलन सेव्हरी हे या पक्षाचं सर्वांत मोठं नाव. झिंबाब्वेच्या या गृहस्थांनी तरुणपणी, वन्यजीवांचं काम करताना, हत्ती जास्त झाल्यामुळे जमीन उजाड होतेय असा निष्कर्ष काढला होता. पुढे सुमारे ४०,००० हत्ती मारले गेले आणि जमीन आणखीच बिघडली. २०१३च्या गाजलेल्या भाषणात त्यांनी ही आयुष्यातली सर्वांत मोठी घोडचूक म्हणून सांगितली. अशी कबुली देणारा माणूस ऐकावासा वाटतो, मलाही वाटला. पण जुन्या चुकीची कबुली ही नव्या दाव्याची हमी कशी होईल? त्याच भाषणात, जगातल्या निम्म्या गवताळ प्रदेशांवर आपली पद्धत वापरली तर हवेतला कार्बन औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या पातळीवर नेता येईल, असं ते म्हणून गेले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये या प्रश्नाचा ताळेबंद काढला. उत्तम चराईने मातीत मुरणारा कार्बन, अगदी उदार अंदाज धरूनही, चरणाऱ्या जनावरांच्याच उत्सर्जनाच्या २० ते ६० टक्के भरपाई करतो. म्हणजे गुरं स्वतःचं कर्जही पुरतं फेडत नाहीत, आणि इथे ती जगाचं फेडणार असं सांगितलं जातंय. त्यात माती काही दशकांत भरते, पुढे फारसं घेत नाही, आणि नांगर फिरला की साठवलेलं परत सोडते. खुरांनी माती फोडली की पाणी जास्त मुरतं, हा दुसरा लाडका दावा. टेक्सासमध्ये १९८६ मध्ये दाट कळपाच्या तुडवणीखाली मोजमाप केलं तेव्हा पाणी मुरणं कमी झालं आणि माती वाहून जाणं वाढलं.

आता विरोधकांकडे वळू, कारण त्यांची बाजू वरवर पाहता अभेद्य आहे. डेव्हिड ब्रिस्की हे माळरानांचे अभ्यासक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोकळ्या माळरानांवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. गवताच्या उत्पादनाच्या २३ प्रयोगांपैकी २० मध्ये सलग चराई, म्हणजे हंगामभर गुरं एकाच रानात मोकळी, ही चक्राकार चराईच्या बरोबरीची किंवा सरस निघाली. दर जनावरामागच्या वाढीत ३८ पैकी ३५, दर क्षेत्रामागच्या वाढीत ३२ पैकी २७. यावर समर्थकांचं नेहमीचं उत्तर असतं की प्रयोगांचे वाफे लहान होते आणि फेऱ्या वेळापत्रकाने ठरलेल्या होत्या. गवत बघून निर्णय घेणारा माणूस त्यांत नव्हता. हे उत्तर पोकळ नाही. मोठ्या रानात गुरं पाणवठ्याजवळचा पट्टा खरडून काढतात आणि लांबचा टेकाड तसाच राहतो. असं लहान वाफ्यात घडतच नाही, मग प्रयोगात दिसणार कुठून? पण कोलोरॅडोत हाही आक्षेप तपासला गेला. पशुपालक, पर्यावरणवादी आणि सरकारी अधिकारी अशा अकरा जणांच्या गटाने खऱ्या मापाच्या दहा कुरणांवर, गवत बघून, आपल्या अकलेने कळप फिरवला. शेजारी तितकीच जनावरं तितक्याच क्षेत्रात पूर्ण हंगाम मोकळी होती. फिरवलेल्या कळपाची वजनवाढ दहा टक्क्यांहून जास्त कमी भरली. कारण सरळ आहे: दाटीत चरणाऱ्या जनावराला निवड करता येत नाही, पुढ्यात येईल ते खावं लागतं.

मग चक्राकार चराई फोल ठरली का? न्यूझीलंडमध्ये, जिथे पाऊस बरा आणि गवत वेगाने वाढतं, तिथे रुआकुराच्या केंद्रात सी. पी. मॅकमीकन यांनी दुभत्या गायींवर वर्षानुवर्षं हीच तुलना केली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दोन गोष्टी होत्या. चराईच्या पद्धतीपेक्षा हेक्टरी गायी किती, याचा परिणाम मोठा. आणि गायी भरपूर असताना फिरवण्याचा फायदा स्पष्ट दिसतो. कमी असताना तो जवळजवळ विरून जातो. कोरड्या माळरानांवरचे निकाल आणि हे रुआकुराचे निकाल एकत्र ठेवून पाहिलं की भांडण सुटतं, असं मला वाटतं. ओल्या प्रदेशात, भरल्या कुरणात, खाल्लेल्या ठोंबाला चार-पाच दिवसांत नवं पान येतं आणि गाय जवळच असते. दुसरा घास तिथे ठरलेलाच. म्हणून तिथे कप्पे पाडणारा जिंकतो. कोरड्या माळावर, जनावरं बेताची असतील तर, वर्षातले मोजके आठवडेच गवत वाढतं आणि त्या आठवड्यांत एकाच ठोंबावर पुन्हा घास पडण्याची शक्यता मुळातच कमी असते. जो धोका फारसा नाही तो टाळल्याचा फायदा प्रयोगात कुठून दिसणार? दोन्ही बाजूंचे प्रयोग बरोबर आहेत. चुकीचं आहे ते एका हवामानातलं उत्तर दुसऱ्या हवामानात विकणं.

मात्र ‘जनावरं बेताची असतील तर’ या चार शब्दांत सगळी मेख आहे. विरोधकांच्या प्रयोगात संख्या संशोधक ठरवतो, दोन्ही बाजूंना सारखी आणि सोसवेल इतकीच. बाहेर ती बाजारभाव ठरवतो, कर्जाचा हप्ता ठरवतो, कधी एखादं अनुदान ठरवतं. ‘पद्धतीने फरक पडत नाही’ हे वाक्य त्या अटीशिवाय बाहेर पडलं की त्याचा अर्थ ‘काहीही करा’ असा होतो, आणि ब्रिस्की यांचा निबंध वाचलेल्या कुणाचाही तो अर्थ नसणार. उलट बाजूला ‘फिरवलं की दुप्पट जनावरं ठेवता येतात’ हे आश्वासन त्याहून घातक. गवताची वाढ पावसावर आणि मातीवर ठरते. तारेला ते माहीत नसतं.

अडथळा एका ठिकाणचा काढला आणि संख्या विसरली की काय होतं, याचा धडा साहेल प्रदेशाने दिलेला आहे. सहाराच्या दक्षिण कडेला गेल्या शतकाच्या मध्यात खोल विंधनविहिरी खणल्या गेल्या. हेतू चांगला होता: पाण्याअभावी वापरात न येणारी कुरणं खुली करायची. पूर्वी पाणी आटलं की कळपांना हलावंच लागे, म्हणजे कोरडा पाणवठाच रानाला विसावा देत होता. विहिरी झाल्यावर हलायचं कारण उरलं नाही. १९६८ ते १९७३च्या दुष्काळात विहिरींभोवती मैलोगणती जमीन उघडी पडली आणि तिथे गुरं मेली ती तहानेने नव्हे, भुकेने. पाणी होतं, चारा नव्हता. हीच गोष्ट कुंपणाचीही होऊ शकते. मंगोलिया, चीनमधला अंतर्गत मंगोलिया आणि रशियाचा लगतचा भाग, तिन्हीकडे स्टेप, म्हणजे कोरडं गवताळ मैदान, एकच. १९९०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड स्नीथ यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे तुलना केली, तेव्हा जिथे पशुपालक अजूनही ऋतूप्रमाणे लांबवर हलत होते त्या मंगोलियात कुरणांची हानी सर्वांत कमी होती. जिथे कुटुंबं स्थिर केली, जमिनी वाटल्या, तिथे जास्त. नकाशावर कप्पे दिसले म्हणजे चराई फिरते असं समजणाऱ्यांनी हा नकाशा पाहावा. छोट्या कप्प्यात अडकलेला कळप आणि त्यातच गरगर फिरवला जाणारा कळप, गवताच्या दृष्टीने यांत फार अंतर नसतं.

विसावा द्यायचा म्हणजे तेवढे दिवस कळप दुसरीकडे कुठेतरी असायला हवा. ही दुसरी जागा कुणाची, आणि तिथे किती जनावरं जाणार हे कोण ठरवणार? इथे गवताचं शास्त्र संपतं आणि माणसांचं सुरू होतं. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये लिहिलं, की सगळ्यांना खुलं असलेलं कुरण अटळपणे उजाड होतं, कारण प्रत्येक गुराखी आपलं आणखी एक जनावर घालत राहतो. पन्नास वर्षं हे वाक्य कुरणं खासगी करायला किंवा सरकारजमा करायला वापरलं गेलं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र प्रत्यक्षात चालणारी सामाईक कुरणं शोधून काढली, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या उदाहरणांतलं एक स्वित्झर्लंडमधलं टोर्बेल गाव. तिथला नियम १५१७ पासूनचा: हिवाळ्यात आपल्या चाऱ्यावर जितक्या गायी पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात पाठवायच्या. एका वाक्यात संख्येचा प्रश्न मिटवला. बाहेरून गायी विकत आणून उन्हाळाभर चारायच्या आणि विकून टाकायच्या, ही पळवाटही त्यात आपोआप बंद झाली. वर गेलेल्या गायी मोजल्या जात. कुणाची जास्त निघाली तर दंड, आणि दंडाची निम्मी रक्कम तो वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे त्याने डोळेझाक करायचं कारणच नाही.

चक्राकार चराईची एखादी योजना माझ्यासमोर आली, तर तिच्या नकाशावरच्या कुंपणाच्या रेषा मी सगळ्यांत शेवटी पाहीन. आधी एकच ओळ शोधीन: पाऊस लांबला तर कळपातली किती जनावरं, कोणत्या तारखेपर्यंत, कुठे जाणार, आणि ती गेली नाहीत तर कुणाच्या खिशातून काय जाणार.